मोटारगाडीतील इंधन-विद्युत् घटाचे स्थान

इंधनातील रासायनिक ऊर्जेचे ज्वलनाविना सरळ विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीस इंधन-विद्युत् घट म्हणतात (→ इंधन-विद्युत् घट). मोटारगाडीत या घटाला बहुधा हायड्रोजन वायू पुरविला जातो. हवेतील ऑक्सिजनाशी त्याचा संयोग होऊन वीज, पाणी व उष्णता निर्माण होतात आणि त्या विजेवर चालणारे चलित्र गाडीची चाके फिरविते. असा घट गाडीच्या कोणत्या भागात बसवावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ बांधणीच्या सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात १९६६ पासून आजपर्यंत या जातीच्या गाड्यांचा जो विकास झाला, त्याचा बराच मोठा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरांत सामावलेला आहे. पेट्रोल एंजिनाची जागा पहिल्या काही दशकांतच ठरून गेली व पुढे बव्हंशी तीच राहिली. इंधन-विद्युत् घट मात्र गाडीच्या मागील भागातून तळाशी, तळातून आसनांखाली, मधल्या बोगद्यात व अखेरीस बॉनेटखाली असा फिरत राहिला. या फिरतीचे कारण पुष्कळदा घटात नसून त्याच्यासोबत न्याव्या लागणाऱ्या टाकीत व उष्णतेत होते.

जागेच्या गरजा : एकट्या घटाचा विद्युत् दाब काम चालू असताना सु. ०·६ ते ०·७ व्होल्ट एवढाच असतो. म्हणून शेकडो पातळ घट एकावर एक रचून व दोन्ही टोकांच्या जाड पट्ट्यांनी घट्ट आवळून त्यांचा संच करतात. या घटसंचाच्या जोडीला हायड्रोजनाची टाकी, हवा दाबून आत सोडणारा संपीडक, हवा दमट ठेवण्याची व्यवस्था, थंड करणाऱ्या द्रवाचा पंप व रेडिएटर, संचायक घटमाला, विद्युत् चलित्र आणि नियंत्रक एवढा परिवार असतो. यांपैकी सर्वांत हट्टी घटक टाकी हा होय. हायड्रोजन वजनाने अतिशय हलका असला, तरी जागा फार व्यापतो. ७०० बार दाबाखाली एका लिटरात तो सु. ४० ग्रॅ. आणि ३५० बार दाबाखाली सु. २४ ग्रॅ. मावतो. एवढ्या दाबाखाली साठविल्यावरही एक लिटर पेट्रोलाएवढी ऊर्जा नेण्यास अनुक्रमे सु. सात व अकरा लिटर जागा लागते. शिवाय पेट्रोलाची टाकी पत्र्याची असल्याने गाडीतील कोनाकोपऱ्याप्रमाणे तिला वेडावाकडा आकार देता येतो. उच्च दाबाची टाकी मात्र जाड भिंतीची व नळकांड्याच्या आकाराचीच करावी लागते. साहजिकच गाडीत आधी टाकीची जागा ठरते आणि उरलेल्या जागेत घट बसवावा लागतो.

दुसरी अडचण उष्णतेची. घटाची कार्यक्षमता पेट्रोल एंजिनापेक्षा बरीच अधिक असते, त्यामुळे त्याला थंड ठेवणे सोपे असावे अशी अनेकांची समजूत असते, परंतु ती बरोबर नाही. पेट्रोल एंजिनात वाया जाणाऱ्या उष्णतेचा मोठा हिस्सा तप्त धुराबरोबर आपोआप बाहेर पडतो. घटाच्या नळीतून बाहेर येणारी दमट हवा कोमट असते व ती फार थोडी उष्णता नेते. उरलेली जवळजवळ सर्व उष्णता रेडिएटरलाच बाहेर टाकावी लागते. त्यातही एंजिनातील पाणी ९०° ते १००° से. एवढे तापलेले असते, तर प्रोटॉन-वाहक पटल वापरणाऱ्या घटाला ६०° ते ८०° से. या मर्यादेत राहावे लागते. बाहेरची हवा व आतील द्रव यांच्या तापमानांतील फरक जेवढा कमी, तेवढा रेडिएटर मोठा लागतो. मोठा रेडिएटर गाडीच्या नाकाशी, समोरून येणाऱ्या वाऱ्यातच बसवावा लागतो. घट त्याच्यापासून जेवढा दूर, तेवढ्या नळ्या लांब व पंपाचे काम अधिक.

हायड्रोजनाचा हलकेपणाही विचारात घ्यावा लागतो. तो हवेपेक्षा सु. चौदापट हलका असून हवेत त्याचे प्रमाण घनफळाने ४ ते ७५ टक्के असताना केव्हाही पेट घेऊ शकतो. उघड्यावर गळती झाल्यास तो झटकन वर निघून जातो, म्हणून अनेक बाबतींत तो पेट्रोलाच्या वाफेपेक्षा कमी धोक्याचा ठरतो. मात्र ज्या पोकळीला वरच्या अंगास वाट नाही, अशा बंद पोकळीत तो साचतो. प्रवाशांचा कक्ष ही अशीच एक पोकळी असल्याने घट व टाकी यांपैकी काहीही त्या कक्षाशी हवेने जोडलेले असू नये, हा नियम सर्व बांधणीकारांनी मानला आहे. याशिवाय, एक किग्रॅ. हायड्रोजनापासून नऊ किग्रॅ. पाणी तयार होते व ते घटाबाहेर सहज निथळून जावे लागते. समोरून किंवा मागून धडक बसल्यास गाडीचा जो भाग मुद्दाम चेपू दिला जातो, त्या भागात टाकी येऊन चालत नाही. घटसंच मात्र तेथे काही प्रमाणात सामावून घेता येतो.

इतिहास : विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये इंधन-विद्युत् घटाचे तत्त्व प्रयोगाने दाखविले, परंतु चाकांवर तो चढण्यास पुढे सव्वाशे वर्षे जावी लागली. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन यांनी ५ किवॉ. शक्तीचा अल्कधर्मी घटसंच चालवून दाखविला. त्याच वर्षी अमेरिकेतील ॲलिस-चामर्स या शेती-अवजारांच्या कंपनीने १,००८ घट बसविलेला एक ट्रॅक्टर चालविला. त्याची शक्ती सु. १५ किवॉ. (२० अश्वशक्ती) होती. ट्रॅक्टरला प्रवासी नसतात, सामानही ठेवावयाचे नसते आणि वजन वाढले तर नांगरणीला त्याचा उपयोगच होतो. त्यामुळे जागेचा खरा प्रश्न येथे उद्भवलाच नाही.

तो उद्भवला जनरल मोटर्स कंपनीच्या १९६६ मधील ‘इलेक्ट्रोव्हॅन’ या गाडीत. मालवाहू स्वरूपाच्या एका लहान व्हॅनमध्ये युनियन कार्बाइड कंपनीचे ३२ घटसंच बसवून ही गाडी तयार करण्यात आली. सतत ३२ किवॉ. व थोड्या वेळापुरती सु. १६० किवॉ. एवढी शक्ती त्यांपासून मिळत असे. हे घट अल्कधर्मी, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावावर चालणारे होते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाने हा विद्राव बिघडतो, म्हणून हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरण्याचे ठरले आणि तेथेच गाडीच्या जागेचा निकाल लागला. द्रव हायड्रोजनाची एक व द्रव ऑक्सिजनाची एक अशा दोन अतिशीत टाक्या गाडीत आल्या. विद्राव खेळविणारी यंत्रणा व दीडशे मी.हून अधिक लांबीच्या नळ्या यांची त्यांत भर पडली. मूळ व्हॅनचे वजन सु. १,५०० किग्रॅ. होते, ते ३,२०० किग्रॅ.च्या वर गेले. व्हॅनच्या पोटातील सर्व जागा या यंत्रणेने व्यापली आणि दोन माणसांपुरतीच जागा उरली. ही गाडी कंपनीच्या आवाराबाहेर चालविण्यात आली नाही. विद्युत् रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला होता. गाडी म्हणून मात्र तिचा उपयोग नव्हता, कारण ती स्वतःलाच वाहून नेत होती.

यानंतर चारच वर्षांनी एका शास्त्रज्ञाने स्वतःच्या वापरासाठी केलेली मांडणी अनेक बाबतींत अधिक शहाणपणाची होती. मूळचे व्हिएन्नाचे व त्या वेळी अमेरिकेत युनियन कार्बाइडमध्ये काम करणारे कार्ल कोर्डेश यांनी १९७० मध्ये ऑस्टिन ए-४० या छोट्या मोटारीतील एंजिन काढून तेथे विद्युत् चलित्र बसविले. त्यांचाही घट अल्कधर्मीच होता, परंतु त्यांनी ऑक्सिजनाची टाकी टाळली. हवा प्रथम चुनखार भरलेल्या डब्यातून नेऊन तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घ्यावयाचा व मग ती घटात सोडावयाची, अशी योजना त्यांनी केली. घटाची शक्तीही त्यांनी अवघी ६ किवॉ. ठेवली. सपाट रस्त्यावर एका गतीने जाण्यास एवढी शक्ती पुरते. गती वाढविताना किंवा चढावर लागणारी जादा शक्ती शिसे-अम्ल संचायक घटमालेतून घेतली जाई व गाडी संथ चालत असता ती घटमाला पुन्हा भारित होत असे. लहान झालेला घटसंच डिकीत मावला. हायड्रोजनाची सहा नळकांडी त्यांनी गाडीच्या टपावर बांधली. गळती झालीच तर वायू थेट आकाशात जाईल आणि प्रवाशांच्या कक्षाशी त्याचा संबंध येणार नाही, हा त्यातील हेतू उघड आहे. चार माणसांची बैठक अबाधित राहिली आणि कोर्डेश यांनी ही गाडी काही वर्षे सार्वजनिक रस्त्यांवर वापरली. टपावर वजन आल्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर ती अधिक कलते, हा दोष मात्र राहिलाच.

पुढील सु. वीस वर्षांत मोटारगाड्यांच्या दृष्टीने फारसे काही घडले नाही. कॅनडातील बॅलार्ड कंपनीने १९८३ पासून प्रोटॉन-वाहक पटलाच्या घटांवर केलेल्या संशोधनामुळे चित्र बदलले. या घटात द्रव विद्राव नसतो, साधी हवा चालते आणि त्याच शक्तीसाठी घटसंच कितीतरी लहान होतो. जर्मनीतील डायम्लर-बेंझ कंपनीने १९९४ मध्ये बॅलार्डचे १२ घटसंच बसवून ‘नेकार-१’ ही व्हॅन तयार केली. ५० किवॉ. शक्तीच्या या यंत्रणेचे वजन प्रत्येक किलोवॉटमागे सु. २१ किग्रॅ. भरत होते. मालाची सगळी जागा यंत्रणेने भरून गेली व इलेक्ट्रोव्हॅनप्रमाणेच दोन बैठका शिल्लक राहिल्या. १९९६ च्या ‘नेकार-२’ मध्ये टाक्या टपावर नेल्या गेल्या, यंत्रणेचे वजन प्रत्येक किलोवॉटमागे सु. ६ किग्रॅ.पर्यंत खाली आले आणि गाडीत सहा जणांना बसता येऊ लागले. १९९७ मधील ‘नेकार-३’ मध्ये उच्च दाबाची टाकी टाळण्याचा वेगळाच मार्ग निवडण्यात आला. मिथेनॉल हे द्रवरूप इंधन साध्या टाकीत नेऊन त्यापासून गाडीतच हायड्रोजन काढावयाचा, अशी ती कल्पना होती. टाकी लहान झाली खरी, परंतु मिथेनॉलापासून हायड्रोजन काढणाऱ्या रासायनिक यंत्रणेने मागील आसनांची जागा गिळली व गाडी पुन्हा दोन बैठकांची झाली. म्हणजे टाकीतून वाचविलेली जागा दुसऱ्या यंत्रणेने परत घेतली. २००० मधील ‘नेकार-५’ मध्ये ही यंत्रणा लहान करून तळाखाली बसविण्यात यश आले, तरी मिथेनॉलाचा मार्ग पुढे मागेच पडला.

या मालिकेतील १९९९ ची ‘नेकार-४’ ही गाडी स्थानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ज्या ए-वर्गाच्या मोटारीवर ती बेतलेली होती, तिला मुळातच दुहेरी तळ होता. समोरून धडक बसल्यास एंजिन प्रवाशांच्या पायांवर न येता या दोन तळांच्या मध्ये सरकावे, यासाठी ती रचना होती. नेकार-४ मध्ये हीच पोकळी घटयंत्रणेला उपयोगी पडली. द्रव हायड्रोजनावर चालणाऱ्या या गाडीत पाच जण बसत, तिचा कमाल वेग ताशी १४५ किमी. होता व एका भरणात ती सु. ४५० किमी. जात असे. तळाखालची जागा हीच घटाची नैसर्गिक जागा, असे मत यानंतर काही वर्षे प्रबळ झाले.

त्याचे टोक जनरल मोटर्सच्या २००२ मधील दोन प्रायोगिक गाड्यांत दिसते. जानेवारीत दाखविलेल्या ‘ऑटोनॉमी’ व सप्टेंबरात पॅरिस येथे दाखविलेल्या ‘हाय-वायर’ या गाड्यांमध्ये घट, टाक्या, चलित्र व नियंत्रक हे सर्व एका सपाट सांगाड्यात बसविलेले होते. हाय-वायरमधील या सांगाड्याची जाडी सु. २८ सेंमी. होती. त्यावर हव्या त्या आकाराची काया चढवावी, अशी कल्पना होती. चालकाच्या पुढे एंजिन, बॉनेट किंवा सुकाणूचा दांडा काहीच नव्हते. प्रदर्शनात लोकांना ती अतिशय आवडली. विक्रीसाठी मात्र ती कधीच निघाली नाही. सपाट सांगाड्याची ही कल्पना नंतर संचायक घटमालेवरील गाड्यांना अधिक मानवली. घटमालेचे घटक लहान व सारखे असल्याने ते फरशीप्रमाणे पसरता येतात. हायड्रोजनाच्या गोल टाक्या तशा पसरता येत नाहीत.

जपानी कंपन्यांनी अधिक बेताचा मार्ग धरला. होंडा कंपनीने २००८ च्या ‘एफसीएक्स क्लॅरिटी’ या मोटारीत घटसंच दोन पुढील आसनांमधल्या बोगद्यात ठेवला. १०० किवॉ.चा हा संच सु. ६७ किग्रॅ. वजनाचा होता. अरुंद बोगद्यात तो मावावा म्हणून त्यातील वायूंचा प्रवाह आडवा न ठेवता वरून खाली केलेला होता. त्यामुळे तयार होणारे पाणी गुरुत्वाने आपोआप खाली निथळू लागले. थंडीत घटात पाणी गोठणे ही त्या वेळची मोठी अडचण होती व तीही यामुळे कमी झाली. जागेच्या अडचणीतून घटाच्या अंतर्रचनेतच सुधारणा झाल्याचे हे उत्तम उदाहरण होय. तथापि बोगदा रुंद झाल्याने मोटारीत चारच जण बसू शकत.

टोयोटा कंपनीची ‘मिराई’ १५ डिसेंबर २०१४ पासून जपानात विकली जाऊ लागली. तिच्यातील ३७० घटांचा, ११४ किवॉ. शक्तीचा संच पुढील आसनांखाली होता. ७०० बार दाबाच्या दोन टाक्यांपैकी एक मागील आसनाखाली व दुसरी त्यामागे होती. जड भाग खाली व दोन आसांच्या मध्ये आल्याने गाडी रस्त्याला धरून चालत असे. तथापि हीही चार बैठकांचीच होती. याउलट दक्षिण कोरियातील ह्युंदाई कंपनीने २०१३ च्या ‘आयएक्स-३५’ या गाडीत घटसंच सरळ बॉनेटखाली, म्हणजे पेट्रोल गाडीतील एंजिनाच्या जागी ठेवला होता. त्या वेळी काहींना ही मांडणी जुनाट वाटली. परंतु त्याच कारखान्यात, त्याच साच्यांवर, पेट्रोल गाडीच्या रांगेतच ही गाडी बांधता येत होती व रेडिएटरही शेजारीच होता. २०१८ च्या ‘नेक्सो’मध्ये कंपनीने हीच जागा कायम ठेवली व सारख्या आकाराच्या तीन टाक्यांत ६·३३ किग्रॅ. हायड्रोजनाची सोय केली. होंडानेही २०१६ च्या नव्या क्लॅरिटीत घट बोगद्यातून काढून बॉनेटखाली नेला व पाचवी बैठक परत मिळविली.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या मिराईने या चर्चेचा निकालच लावला, असे म्हणण्यास हरकत नाही. तिच्यात घटसंच आसनांखालून काढून बॉनेटखाली बसविण्यात आला. त्यातील घट ३३० वर आले, शक्ती मात्र वाढून १२८ किवॉ. झाली. मोकळ्या झालेल्या मधल्या बोगद्यात लांबीने मोठी अशी तिसरी टाकी उभी घालण्यात आली. विद्युत् चलित्र मागील चाकांशी गेल्याने पुढील व मागील आसांवरील भार जवळजवळ समान झाला. तीन टाक्यांत मिळून ५·६ किग्रॅ. हायड्रोजन मावू लागला आणि बैठका चाराच्या पाच झाल्या. गाडीतील सर्वांत सुरक्षित जागा, म्हणजे दोन आसांमधला तळ, आता घटाऐवजी टाकीला मिळाली. घट पुरेसा लहान झाल्यावरच ही अदलाबदल शक्य झाली.

महाराष्ट्रातील प्रयत्न : गाडीत नवे इंधन आणताना त्याच्या भांड्याला जागा शोधण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलाची टंचाई झाली, तेव्हा कोळशाच्या वायूवर बसगाड्या चालविल्या गेल्या. कोळसा पेटविण्याचे उभे पिंप बसच्या मागच्या बाजूस लटकविलेले असे. धूर व आच प्रवाशांपासून दूर राहावी, हा त्यातील साधा विचार होता. पुढे संपीडित नैसर्गिक वायू आल्यावर मोटारींच्या डिकीत सिलिंडर बसले व मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत प्रवाशांचे सामान टपावरील कॅरियरवर चढले. २०२३ मध्ये पुण्याच्या टाटा मोटर्स कारखान्यातून निघणाऱ्या ‘अल्ट्रोझ’ या मोटारीत एका मोठ्या सिलिंडराऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या फळीखाली घालून ही जागा बरीचशी परत मिळविण्यात आली. २०२४ मध्ये बजाज ऑटो कंपनीने नैसर्गिक वायूवर चालणारी मोटारसायकल आणली. तिचे नळकांडे लांब आसनाखाली, नळ्यांच्या जाळीदार सांगाड्यात बसविलेले आहे. नैसर्गिक वायूचा दाब सु. २०० बार असतो. हायड्रोजनाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक बिकट होतो.

पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) प्रोटॉन-वाहक पटलाच्या घटांवर बरीच वर्षे संशोधन झाले आहे. तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेचाही त्यात वाटा आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सहस्रक तंत्रज्ञान उपक्रमाखाली पुण्याच्याच केपीआयटी कंपनीबरोबर या प्रयोगशाळेने तयार केलेल्या घटावरील मोटारीची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये यशस्वी झाली. भारतीय बनावटीच्या घटसंचावर धावलेल्या या मोटारीची मांडणी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. गाडी नव्याने आखलेली नव्हती. संचायक घटमालेवर चालणाऱ्या पाच आसनी नेहमीच्या मोटारीतच घटसंच व त्याच्या जोडीची यंत्रणा मागाहून बसविण्यात आली होती. घटाची शक्ती १० किवॉ. होती व तो ६५° ते ७५° से. तापमानात काम करीत असे. ॲल्युमिनियमाच्या अस्तरावर कार्बन तंतूंचे वेष्टन असलेल्या टाकीत सु. ३५० बार दाबाखाली १·७५ किग्रॅ. हायड्रोजन भरला जाई. ताशी ६० ते ६५ किमी. वेगाने जाता तेवढ्यात सु. २५० किमी. अंतर कापले जाईल, असा अंदाज देण्यात आला होता.

हे आकडे एकत्र मांडले असता बांधणीचे तर्कशास्त्र स्पष्ट होते. प्रतिकिमी. सात ग्रॅ. हायड्रोजन आणि घटाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर या वेगाने जाण्यास सु. ७ किवॉ. वीज लागते, म्हणजे १० किवॉ.चा घट सरासरी गरज भागविण्यापुरता बेतलेला होता आणि वेग घेण्याचे काम घटमालेवर सोपविलेले होते. पन्नास वर्षांपूर्वी कोर्डेश यांनी आपल्या ६ किवॉ.च्या घटाबाबत हाच हिशेब केला होता. पराया सांगाड्यात बसवावयाचा घट लहानच ठेवावा लागतो. तो मोठा केला, तर रेडिएटर, संपीडक व नळ्याही त्याच प्रमाणात मोठ्या होतात आणि त्यांच्यासाठी त्या सांगाड्यात जागा सोडलेली नसते. टाकीला मात्र लहान करता येत नाही. १·७५ किग्रॅ. हायड्रोजनातील ऊर्जा सु. साडेसहा लिटर पेट्रोलाएवढी आहे, पण तिच्यासाठी सु. ७३ लिटर आतील जागेचे नळकांडे लागते.

बसगाडीत ही ओढाताण फारशी नसते. टाटा मोटर्स व भारतीय अंतराळ संशोधन संस्था यांनी मिळून केलेली व २०१३ मध्ये महेंद्रगिरी येथे चालवून दाखविलेली बस घ्या, तिच्यात हायड्रोजनाची नळकांडी टपावर आहेत. केपीआयटी व वैज्ञानिक परिषद यांच्या घटावरील बसचे उद्‌घाटन २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात झाले. बस मुळातच उंच व जड असल्याने टपावरील काही शे किग्रॅ. वजनाने तिचा तोल फारसा बदलत नाही. मोटारीला ती मोकळीक नाही. सुरक्षेच्या बाजूने पाहता, हायड्रोजन वाहनांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील जागतिक तांत्रिक नियम २०१३ मध्ये आले आणि भारतात सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंधन-विद्युत् घटावरील वाहनांच्या मानकांचा समावेश झाला. घट नेमका कोठे बसवावा हे अशा नियमांत सांगितलेले नसते. गळती झाल्यास चालकाला इशारा मिळावा, टाकीची झडप बंद व्हावी, आग लागल्यास टाकीतील वायू ठरावीक दिशेनेच बाहेर सुटावा आणि धडकेनंतर गळती मर्यादेत राहावी, असे परिणाम सांगितलेले असतात. जागेची निवड अभियंत्यावर सोडलेली असते.

स्थानिक परिस्थिती : वर उल्लेखिलेल्या परदेशी गाड्यांची मांडणी बर्फ व गोठण समोर ठेवून झालेली आहे. मराठवाड्यात अडचणी वेगळ्या आहेत. हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. तेथे उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. हवा ४२° से. असता ७०° से. तापमानाच्या घटाला उष्णता टाकण्यास अवघा २८° से. फरक मिळतो. पेट्रोल एंजिनाला त्याच दुपारी ५०° से.हून अधिक फरक मिळतो. एवढीच उष्णता टाकण्यास घटाला जवळजवळ दुप्पट क्षमतेचा रेडिएटर हवा, असा याचा अर्थ. युरोपात आसनांखालचा किंवा डिकीतला घट चालून जाईल, येथे तो रेडिएटरपासून जेवढा दूर जाईल तेवढा महाग पडेल.

जिल्ह्याची जमीन बरीचशी काळी व चिकण आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर बांधलेले रस्ते खचून उंचसखल होतात. अशा रस्त्यांवर व गावोगावच्या गतिरोधकांवर गाडीच्या पोटाला मार बसतो. तळाखाली टाकी ठेवणे धडकेच्या दृष्टीने योग्य असले, तरी तिच्याखाली मजबूत पत्रा देणे व गाडीचे पोट जमिनीपासून पुरेसे उंच ठेवणे येथे अपरिहार्य ठरते. शेकडो पातळ पत्र्यांच्या आवळलेल्या संचालाही सततचे हादरे मानवत नाहीत. तो रबरी आधारांवर बसवावा लागतो व त्या आधारांनाही जागा लागते. धूळ हा आणखी एक शत्रू. एक किग्रॅ. हायड्रोजनासाठी सु. ३४ किग्रॅ. हवा रासायनिक दृष्ट्या पुरेशी असली, तरी व्यवहारात सु. दुप्पट हवा आत घ्यावी लागते. एवढ्या हवेतील धूळ तर गाळावी लागतेच, शिवाय वाहनांच्या धुरातील गंधकाची संयुगे व कार्बन मोनॉक्साइड घटातील प्लॅटिनमाला निकामी करीत असल्याने त्यांनाही अडवावे लागते. हवा घेण्याचे तोंड रस्त्यापासून जितके वर, तितके गाळणीचे आयुष्य अधिक. बॉनेटखालच्या घटाला असे उंच तोंड देणे सोपे जाते, तळाखालच्या घटाला लांब नळी द्यावी लागते.

कयाधू व तिला मिळणाऱ्या ओढ्यांवरील ठेंगण्या पुलांवरून पावसाळ्यात पाणी वाहते आणि वाहने त्यातून काढली जातात. अशा वेळी टाकी पाण्यात बुडाली तरी फारसे बिघडत नाही. ती सर्व बाजूंनी बंद असते व आतील दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. घटसंचाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या टोकांशी काही शे व्होल्टांचा दाब असतो आणि पाणी बाहेर टाकणारी त्याची नळी गाडीच्या तळाशीच उघडते. गाडी पुरात उभी राहून संपीडक थांबला, तर या नळीतून गढूळ पाणी उलट घटापर्यंत चढू शकते. त्यामुळे घटसंच या नळीच्या तोंडापेक्षा बराच वर ठेवावा लागतो व नळीला एका दिशेने उघडणारी झडप द्यावी लागते.